कोकणच्या पुळणीवर घोडा सांभाळताना : हाताने करायचे उपचार आणि जुळत जाणारं नातं

चांदणी आमच्याकडे आली तेव्हा पहिले आठ दिवस मी तिला हात लावला नाही. सात वर्षं पुळणीवर घोडागाडी ओढलेली घोडी. पुठ्ठ्याची हाडं वर आलेली, साजाच्या पट्ट्याखाली केस गेलेले, आणि माणूस दहा पावलांवर आला की कान मागे. घरच्यांचं म्हणणं होतं की ताबडतोब मालिश सुरू कर, तेल लाव, काढा दे. मी फक्त एक वही घेऊन समोर पोफळीच्या सावलीत बसत होते. पुढे जे काही जमलं त्याचा पाया त्या आठ दिवसांत पडला, म्हणून हा लेखही तिथूनच सुरू करते.

रेवदंडा-नागाव पट्ट्यात आता अनेकांकडे एखाद-दुसरा घोडा असतो. कुणाची घोडागाडी, कुणाचं होमस्टे, कुणी हौसेने पाळलेला. मुंबई-पुण्याकडून हल्ली घोड्याचं मसाज, अॅक्युप्रेशर, सुगंधी तेलं, असे शब्दही किनाऱ्यावर पोचले आहेत. या उपचारांना मी विरोध करणार नाही. त्यातले काही मी रोज करते. पण ज्या घोड्याला पोटभर गवत नाही, सोबत नाही आणि कोरडी जागा नाही, त्याच्या पाठीवर तेल चोळून काही साधत नाही. समग्र उपचार म्हणजे अख्खा घोडा पाहायचा: पोट, खूर, कातडी, मन, आणि त्याला सांभाळणारा माणूसही.

एक गोष्ट मनात पक्की असू द्या. घोडा हा कोकणच्या मातीतला प्राणी नाही. तो इथे नेहमी पाहुणा म्हणून आला. चौल आणि दाभोळ बंदरांत अरबी घोडे गलबतांतून उतरत आणि घाट चढून दख्खनच्या दरबारांत जात. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास एक घोडा विकायला घेऊन चौललाच उतरला होता. पुढे जुन्नरला तो घोडा तिथल्या खानाने काढून घेतला आणि परत मिळवताना निकितिनच्या नाकी नऊ आले. रेवदंड्यात त्याचा स्मृतिस्तंभ आहे. आजही किनाऱ्यावरचे पुष्कळ घोडे सारंगखेड्यासारख्या देशावरच्या बाजारातून येतात. कोरड्या हवेत, कडक जमिनीवर वाढलेलं जनावर आपण अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसात, खाऱ्या वाऱ्यात आणि भुसभुशीत वाळूत आणून बांधतो. त्याची निम्मी दुखणी इथून सुरू होतात.

पहिले आठ दिवस : फक्त वही

रोज सकाळी एकाच वेळी, घोड्याने काम करण्याआधी, हे लिहून काढा. श्वास मिनिटाला किती: कुशीची हालचाल मोजा, ८ ते १६ असावी. नाडी: जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला बोटं टेकवली की दोरीसारखी शीर लागते, शांत घोड्याची २८ ते ४४. ताप: गुदद्वारात थर्मामीटर, ९९ ते १०१ फॅरनहाइट. थर्मामीटरला दोरा बांधून दोऱ्याचं टोक शेपटीला चिमट्याने अडकवा, कारण आत ओढला जाऊ शकतो. हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. कुशीला कान लावा. गुडगुड ऐकू आली पाहिजे. संपूर्ण शांतता ही वाईट खूण आहे.

हात लावू देत नसेल तर पहिले काही दिवस नुसता श्वास मोजा आणि लीद. दिवसातून ८ ते १२ वेळा लीद पडते. किती वेळा, घट्ट की पातळ, वास कसा, हे पाहणारा माणूस पोटशूळ एक दिवस आधी ओळखतो.

आणि हेही लिहा: कोणत्या आवाजाला दचकतो, कोणत्या पायावर भार देत नाही, रात्री आडवा होतो का. घोडा उभ्याउभ्या डुलकी काढतो हे खरं, पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ तरी आडवं व्हावंच लागतं. जागा ओली असेल किंवा भीती असेल तर तो आडवा होत नाही. चांदणी पहिले पाच दिवस आडवी झाली नव्हती. सहाव्या रात्री झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कान मागे घेण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. कुठलाही उपचार केला नव्हता. फक्त तिच्या शेजारी आमची जुनी शेळी बांधली होती.

एकटा घोडा सतत पहाऱ्यावर असतो. दुसरा घोडा परवडत नसेल तर शेळी, गाय, काहीही चालेल. सोबतीचं कोणीतरी हवंच.

जागा आणि पोट

गोठ्यालाच तबेला करायला हरकत नाही, पण तीन बाबी बदला. जांभ्याच्या फरशीला उतार द्या, मूत साचता कामा नये. पश्चिमेकडून पावसाची झड येते ती बाजू झापांनी किंवा पत्र्याने अडवा, पण वरून वारा खेळता ठेवा. कोंडलेल्या अमोनियाच्या वासाने घोड्याची फुफ्फुसं खराब होतात. तुमच्या डोळ्यांना झोंबत असेल तर त्याला कितीतरी जास्त झोंबतंय. तिसरी बाब दाव्याची. अगाडी-पिछाडी घालून चोवीस तास बांधलेला घोडा मनाने आजारी पडतो. दिवसातून काही तास कुंपणाच्या आत मोकळा सोडा, वाडीचा छोटा तुकडा पुरेल.

पोटाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथेच सगळ्यांत जास्त घोडे दगावतात.

घोड्याचं जठर लहान असतं, त्यात आम्ल सतत पाझरतं आणि लाळ फक्त चावताना सुटते. म्हणून त्याला दिवसभर थोडंथोडं चरायला हवं. सकाळी एक तोबरा चंदी, दुपारभर पर्यटकांच्या फेऱ्या, रात्री पेंढा, ही किनाऱ्यावरची सर्रास पद्धत त्याच्या जठराला व्रण पाडते. चार तासांपेक्षा जास्त वेळ तोंड रिकामं राहू देऊ नका. तीनशे किलोच्या घोड्याला रोज साधारण पाच-सहा किलो वाळलं गवत लागतं. दाणा त्यावर, कामाच्या मानाने. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे चुकीचं काही पोटात गेलं तर ते बाहेर यायला वाट नसते.

कोकणात मिळतो भाताचा पेंढा. तो वाया घालवू नका, पण मुख्य अन्न म्हणून त्यावर विसंबू नका. त्यात पोषण कमी आणि कॅल्शियम अडवणारी द्रव्यं जास्त. त्यावर आपण पौष्टिक म्हणून कोंडा देतो, त्यात फॉस्फरस भरपूर. असं महिनोन् महिने चाललं की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढू लागतं. घोडा लंगडतो, चेहऱ्याची हाडं फुगतात, आणि लोक सांध्याला तेल चोळत बसतात. दिवाळीनंतर डोंगरउतारावरचं गवत कापून उडव्या रचतात तेव्हाच वर्षाची बेगमी करा आणि खनिज मिश्रण किती द्यायचं ते पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या.

आता वाळू. पुळणीवर जमिनीवर टाकलेलं गवत खाताना घोडा वाळूही गिळतो. ती आतड्याच्या तळाशी साचते आणि एक दिवस पोटशूळ उठतो. तपासायची पद्धत सोपी आहे. ताज्या लिदीचे सहा गोळे घ्या, जमिनीला न टेकलेल्या भागातले. लिटरभर पाण्यात कालवा, पारदर्शक बाटलीत ओता आणि पंधरा-वीस मिनिटं स्थिर ठेवा. तळाशी चमचाभराहून जास्त वाळू बसली तर गोष्ट गंभीर आहे. वाळू दिसली नाही म्हणजे पोटात नाहीच असंही नाही, म्हणून महिन्यातून एकदा करा. इसबगोल यावर वापरतात. मात्रा पशुवैद्यकाला विचारा आणि ओलसर दाण्यात मिसळून लगेच खाऊ घाला, भिजत ठेवलं तर त्याची खळ होते. पण खरा उपाय म्हणजे गवत नेहमी टोपलीत, जाळीत किंवा चौथऱ्यावर घालणं.

उन्हाळ्यात कामाच्या घोड्याला २५ ते ४० लिटर पाणी लागतं. आपल्याकडच्या विहिरी मार्चनंतर मचूळ होतात. माणूस ते पाणी कसंबसं पितो, घोडा तोंड फिरवतो आणि तहानलेला राहतो. आधी स्वतः चाखून पाहा. घोड्याच्या घामातून मीठ फार जातं. भरपूर घाम गाळणाऱ्या दिवशी दाण्यात दोन मोठे चमचे साधं मीठ घाला, मात्र सोबत भरपूर पाणी हवं. आणि एप्रिल-मेच्या दमट दुपारी घोड्याला घाम येणंच बंद झालं, कातडी कोरडी आणि तापलेली, श्वास धापा टाकल्यासारखा, तर काम तिथल्या तिथे थांबवा, सावलीत न्या, अंगभर थंड पाणी ओतत राहा आणि डॉक्टरांना बोलवा. गरम घोड्यावर थंड पाणी ओतू नये हा समज चुकीचा आहे.

जवळ जाणं

घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. कपाळाच्या अगदी समोरचा आणि शेपटीमागचा तेवढा भाग दिसत नाही. आपण नेमके तिथूनच जातो, समोरून हात उंचावत. खांद्याच्या दिशेने, तिरकं, बोलत जा. आवाज खालच्या पट्टीत ठेवा. तीन पावलांवर थांबा आणि श्वास सोडा, लांब. हे नाटक वाटेल, पण घोडा आपल्या अंगाचा ताण वाचतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा टापा आपटून गणितं सोडवत असे. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने दाखवून दिलं की हान्सला गणित येत नव्हतं. उत्तर जवळ आलं की विचारणाऱ्याच्या मानेत आणि श्वासात होणारा बारीकसा बदल तो टिपत होता, आणि विचारणाऱ्याला स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता. मला तर हे गणितापेक्षा मोठं वाटतं. तुम्ही घरून भांडून आला असाल तर घोड्याला ते दावं सोडण्याआधी कळलेलं असतं. अशा दिवशी मी फक्त पाणी-गवत घालते.

हाताची मागची बाजू त्याच्या नाकपुडीपासून वीतभर अंतरावर धरा. हुंगू द्या. त्याने मान वळवली तर तुम्हीही एक पाऊल मागे घ्या. हे मागे जाणंच त्याच्या लक्षात राहतं: या माणसाला नको म्हटलेलं कळतं. चांदणीसोबत अशा बारा-तेरा भेटी झाल्या. मग एका संध्याकाळी तिने आपणहून ओठ माझ्या मनगटाला लावला.

पहिला स्पर्श मानेच्या मुळाशी, आयाळ संपते त्या उंचवट्यावर करा. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात. फ्रान्समधल्या कामार्ग जातीच्या घोड्यांवर १९९३ साली मोजून पाहिलं आहे, तिथे खाजवल्यावर हृदयाचे ठोके कमी होतात. थोपटू नका. थोपटणं माणसाला आवडतं, घोड्याला खाजवणं.

खरारा आणि मालिश

जुने मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारे, घोड्याला तासभर खरारा करत. त्यात मालिश आलं, तपासणी आली आणि नातंही आलं. वेगळं नाव द्यायची त्यांना गरज वाटली नाही. आपल्याकडे घोड्याच्या वैद्याला सालोत्री म्हणत, शालिहोत्र मुनींच्या नावावरून.

वेळ संध्याकाळची निवडा, पोटात गवत असताना. घोडा कोरडा असावा. बांधू नका, कुणीतरी दोरी सैल धरून उभं राहावं किंवा दोरी तुमच्याच कोपरावर असावी. खराऱ्याने गोल फिरवत मळ सुटा करा, मग ब्रशने केसांच्या दिशेने झाडा. डोकं आणि गुडघ्याखालचे पाय इथे खरारा नको, तिथे मऊ फडकं.

मग तळहात. दोन्ही हात मानेच्या मध्यावर सपाट ठेवा आणि काहीच करू नका, त्याचे पाच श्वास होईपर्यंत. नंतर कानामागून खांद्यापर्यंत सावकाश ओढा, दाब फक्त तुमच्या हाताच्या वजनाइतका. एका श्वासाला एक हात. खांद्याच्या पात्याच्या पुढच्या कडेला बोटांच्या पेरांनी छोटी वर्तुळं काढा. गाडी ओढणाऱ्या घोड्याचा सगळा ताण इथे आणि छातीत साठतो. इथे गाठीसारखं लागलं तर जोराने फोडायला जाऊ नका. तिथे हात ठेवून थांबा. बहुतेकदा अर्ध्या-एक मिनिटात ती जागा हाताखाली सैलावते.

पाठीवर कण्यापासून चार बोटं दूर राहा. कण्यावर कधीच दाब नको, आणि कमरेवर, शेवटच्या बरगडीमागे, अगदी हलका हात. पुठ्ठ्यावर मात्र मुठीने खोल वर्तुळं चालतात, तिथले स्नायू जाड आहेत. मांडीमागून खाली येताना बाजूला उभे राहा, एक हात सतत पुठ्ठ्यावर टेकलेला असू द्या म्हणजे तुम्ही कुठे आहात हे त्याला कळत राहील. पायांवर नुसता हात फिरवा. उजव्या-डाव्या पायाचं तापमान ताडून पाहा. एखादी जागा गरम लागली तर तिथे मालिश नको, ती डॉक्टरांना दाखवायची.

घोडा उत्तर देत असतो. मान खाली येते, खालचा ओठ लोंबतो, पापणी जड होते, जीभ फिरवत चावल्यासारखं करतो, जांभई देतो, मागचा एक पाय सैल सोडतो. लांब फुरफुर करत श्वास सोडला की समजा, ती जागा सुटली. याउलट डोळ्यावरची कातडी आवळली, नाकपुड्या ताणल्या, शेपूट सपकन हलली, चावणं थांबलं, तर तुम्ही दुखऱ्या जागेवर आहात. हात उचला आणि आधीच्या आवडत्या जागी परत या. वीस मिनिटं पुरे.

ताप असेल, पोट दुखत असेल, कातडीवर बुरशी किंवा जखम असेल, घोडा पडला असेल किंवा घोडी गाभण असेल, तर मालिश डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

इथे माझी एक चूक सांगते. चांदणीच्या पाठीवर डाव्या बाजूला एक जागा सतत आवळलेली असे. मी तीन महिने रोज ती मोकळी करत होते, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तशीच. मालिशचं तंत्र चुकतंय असं वाटून मी तेलं बदलली, वेळ बदलली. शेवटी आमच्या नालबंद चाचांनी खोगीर उलटं करून दाखवलं. आतला भराव डावीकडे बसला होता. ते म्हणाले, "ताई, काटा काढायचा सोडून मलम लावताय." खोगीर दुरुस्त केलं, आठवडाभरात पाठ सुटली. तेव्हापासून दुखरी जागा सापडली की मी आधी खोगीर, तंग, साज, खूर आणि दात पाहते, आणि नंतरच हात लावते.

खुरांबद्दल एवढंच. रोज खूर साफ करा, सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद बोलवा, आणि पावसाळ्यात खुराच्या तळच्या खाचेतून काळा स्राव आणि घाण वास आला तर ती कूज आहे. घासून, कोरडं करून, कोरड्या जागी उभं करणं हा तिचा पहिला उपचार.

समुद्र

ओहोटीला, पाणी मागे सरकल्यावर जी ओली घट्ट पट्टी राहते, ती घोड्यासाठी सगळ्यांत चांगली वाट. वरची कोरडी भुसभुशीत वाळू पायांच्या शिरांवर फार ताण आणते, तिच्यात दौड मुळीच नको. घोट्याइतक्या पाण्यात पंधरा मिनिटं कदम चाल ही थकलेल्या पायांना उत्तम. सकाळी सूर्य वर येण्याआधी जा. भरतीचं वेळापत्रक कोळीवाड्यात विचारा, तिथे ते तोंडपाठ असतं. उधाणाच्या दिवशी जाऊ नका. परतल्यावर गोड्या पाण्याने पाय आणि पोटाखालचा भाग धुवा आणि पुसून कोरडा करा. मीठ तंगाखाली राहिलं की कातडी सोलते.

कामाच्या तासांबद्दल कायदा आहे. जनावरांकडून काम करून घेण्याच्या १९६५ च्या नियमांनुसार दिवसाला एकूण नऊ तासांहून जास्त आणि सलग पाच तासांहून जास्त काम घेता येत नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी १२ ते ३ काम बंद. ही वरची मर्यादा आहे. किनाऱ्यावरच्या दमट हवेत पारा ३३ दाखवत असतानाही घोडा भाजून निघतो.

झाडपाला : काय चालेल, काय नाही

गोमाश्यांसाठी करंजेल किंवा कडुनिंबाचं तेल खोबरेलात पातळ करून मानेवर-पोटावर लावायची आपल्याकडे पद्धत आहे. आधी तळहाताएवढ्या जागी लावून एक दिवस वाट पाहा. पोटात द्यायच्या काढ्यांबाबत मात्र मी कडक आहे. कणभर लसूण सोडा, पण रोज भरपूर लसूण दिल्याने घोड्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. आणि आपल्या अंगणांत शोभेला लावलेली कण्हेर: तिची मूठभर पानंही घोड्याचा जीव घेतात, वाळलेली पानं तर जास्त घातक कारण ती गवतात मिसळली की कळत नाहीत. एरंडाच्या बिया आणि गुंजाही तशाच. तबेल्याभोवतीचं कुंपण आजच तपासा.

अॅक्युपंक्चर करायचं असेल तर ते शिकलेल्या पशुवैद्यकाकडूनच. सुयांनी वेदना कमी होतात असे काही अनुभव आहेत, भक्कम पुरावा अजून थोडा आहे. सुगंधी तेलं मी घोड्याच्या नाकाशी नेत नाही. त्याचं नाक आपल्यापेक्षा फार तीक्ष्ण आहे. त्याला तुमचा रोजचा वास हवा.

मिरगाआधी आणि मिरगानंतर

आगोटीची खरेदी जशी घरासाठी करता तशी घोड्यासाठीही करा. गवत छपराखाली, जमिनीपासून हातभर उंच मचाणावर. बुरशी लागलेलं गवत आणि दाणा, विशेषतः बुरशीचा मका, सरळ खतात टाका. त्यातलं विष घोड्याच्या मेंदूपर्यंत जातं. धनुर्वाताची लस मे महिन्यातच द्या, कारण घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो. नवीन घोडा आणला असेल तर ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी करूनच बाकीच्यांजवळ बांधा. तो रोग माणसालाही होतो.

पावसाळ्यातला मोठा शत्रू म्हणजे सर्रा. गोमाश्यांच्या चाव्यातून रक्तात शिरणारा हा परजीवी ग्रिफिथ एव्हान्स यांनी १८८० मध्ये डेरा इस्माईल खान इथे शोधला. ताप येतो, जातो, पुन्हा येतो. घोडा व्यवस्थित खातो आणि तरी वाळत जातो. पायांवर आणि पोटाखाली सूज, चालताना मागचा भाग लडबडतो. लोक म्हणतात नजर लागली, थकला, म्हातारा झाला. ताप चढलेला असतानाच रक्ताची तपासणी करून घ्या आणि लगेच उपचार सुरू करा. तुमची रोजची वही इथे कामाला येते: येणारा-जाणारा ताप वहीत दिसतो, नुसत्या डोळ्यांना नाही. गोमाश्या उजेडात चावतात आणि अंधाऱ्या जागेत सहसा शिरत नाहीत, म्हणून श्रावण-भाद्रपदात दिवसा घोडा आत आणि रात्री मोकळा, असा उलटा क्रम ठेवा.

जून ते सप्टेंबर पर्यटक नाहीत, कमाई नाही, म्हणून घोडे तबेल्यात बांधून ठेवले जातात. चार महिने जागेवर उभा राहिलेला घोडा दिवाळीच्या गर्दीत एकदम गाडीला जुंपायचा, हे क्रूर आहे. पावसाची उघडीप मिळाली की रोज अर्धा तास हाताने चालवा. कातळावरून, सड्यावरून, पण निसरड्या शेवाळावरून नाही. माझ्या मते नातं जुळायला हेच चार महिने सर्वांत चांगले. कुणाला कुठे जायचं नसतं.

माणसासाठी घोडा

लिझ हार्टेल या डॅनिश बाईंना १९४४ मध्ये पोलिओ झाला आणि गुडघ्याखाली पायांत ताकद राहिली नाही. त्या पुन्हा घोड्यावर बसल्या आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी रौप्यपदक मिळवलं. त्यानंतर युरोपात घोड्याच्या मदतीने उपचारांकडे लोक गांभीर्याने पाहू लागले. कदम चालीत घोड्याची पाठ बसलेल्या माणसाच्या कमरेला पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि किंचित पिळासारखी हलवते, आपण स्वतः चालताना हलते अगदी तशी. ज्या मुलाला चालता येत नाही त्याच्या शरीराला चालण्याचा अनुभव असा मिळतो.

पण फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याशिवाय आजारी मुलाला पाठीवर बसवू नका. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात, त्यांची तपासणी आधी व्हायला हवी. आटोक्यात नसलेली फिट, नुकतंच झालेलं ऑपरेशन, घोड्याच्या केसांची अॅलर्जी असेल तर नाही. बसवायचं झालं तर हेल्मेट, एक माणूस लगामाशी आणि दोघं दोन्ही बाजूंना. घोडा वयस्क, शांत, आणि त्या दिवशी दुसरं काम न केलेला. वीस मिनिटं.

माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं घोड्यावर बसतच नाहीत, आणि त्याची गरजही नसते. पहिल्या दिवशी कुंपणाबाहेरून पाहायचं. दुसऱ्या वेळी माझ्यासोबत आत येऊन उभं राहायचं. तिसऱ्या वेळी खरारा हातात. मग दोरी धरून दहा पावलं चालायचं आणि थांबायचं: घोडा थांबतो का ते पाहायचं. दोरी न ओढता, नुसता श्वास सोडून थांबवता आला तो दिवस मी वहीत लिहून ठेवते. जोडीदार गेलेले एक काका दोन महिने रोज येत. ते बोलत नसत, फक्त खरारा करत. मीही विचारलं नाही.

आमच्या वाडीतला नऊ वर्षांचा एक मुलगा येतो. तो बोलत नाही, आणि चांदणीमुळे तो बोलू लागला असं मी सांगणार नाही, तसं झालेलं नाही. सुरुवातीला तो कानांवर हात ठेवून कुंपणाशी डोलत असे. आता तो येतो, तिच्या खांद्याला पाठ टेकून उभा राहतो, आणि तिची कूस वर-खाली होते तसा त्याचा श्वास हळूहळू मंदावतो. दहा मिनिटं, कधी पंधरा. त्याची आई तेवढा वेळ सुरूच्या बनात एकटी बसते. तिलाही तो वेळ कुठे मिळत नाही.

अशा प्रत्येक भेटीनंतर एक काम ठरलेलं असू द्या. घोड्याकडे बघा: कान, डोळे, श्वास. दमलाय का, त्रासलाय का. आठवड्याला चार-पाच भेटींच्या वर नको, आणि त्याने त्या दिवशी कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाठ फिरवली तर भेट रद्द, कितीही लांबून कुणी आलेलं असो. भेट झाली की पाहुण्याच्या हातूनच पाण्याची बादली पुढे करा, मग दोरी काढा आणि सोडून द्या. चांदणी दोन पावलं चालते, पुढचे गुडघे दुमडते आणि वाळूत लोळते, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर, मग उठून अंग झाडते. तो मुलगा हे पाहायला हमखास थांबतो.